रिकामं आहे, पाहून घे

१९ नोव्हेंबर, सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटे. ही वेळ मी नोंदवून ठेवली, कारण त्या क्षणी माझ्या आत्याच्या उजव्या हाताची तर्जनी सरळ झाली आणि पुढे जवळजवळ आयुष्यभर सरळच राहिली. रायपूरबाहेरच्या चांदमारीवर, म्हणजे पोलिसांच्या गोळीबार-सरावाच्या मैदानावर, एका निवृत्त हवालदारांनी तिच्या हातात रिकामे पिस्तूल ठेवले आणि सांगितले, "मैडम, उंगली बाहर. जब तक मारना नहीं, तब तक उंगली बाहर." आत्याने बोट चापावरून काढले आणि नळीच्या कडेला टेकवले. ते परत वाकवायला ती विसरली, असे आम्ही घरात म्हणायचो. पातेल्यात पळी फिरवताना बोट पळीच्या दांड्यावर ताठ. टेलिफोन धरला तरी ताठ. आमच्याकडच्या हळदीकुंकवाला ती कुंकू लावायला बसली, की अनामिका समोरच्या बाईच्या कपाळावर आणि तर्जनी तिच्या भांगावर रोखलेली. बायका डोळे मिटून घेत.

तशाही त्या तिला जरा बिचकूनच असत. आत्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात न्यायवैद्यक शिकवायची आणि शवविच्छेदने करायची. बाबांची ती थोरली बहीण. लग्न केले नव्हते. समता कॉलनीत आमच्याच घरी राहायची. शहर राजधानी झाल्यापासून जमिनींचे भाव चढले आणि, आत्याच्या शब्दांत, तिच्या टेबलावरची माणसेही "महागाच्या कपड्यांत" येऊ लागली. संक्रांतीला शेजारणी तिला बोलावत, पण वाण तिच्या हातात सर्वांत शेवटी देत. तो हात सकाळी कुठे होता, हे साऱ्यांना ठाऊक असे. आत्या मुद्दाम सर्वांआधी जाऊन बसायची. "वाण शेवटी देतात ना मले," ती आईला म्हणायची, "मंग चहा तरी पहिला पितो."

पिस्तूल तिच्या आयुष्यात आले ते शहरातल्या एका बड्या घरच्या सुनेच्या मृत्यूमुळे. नवऱ्याचे म्हणणे असे, की बायकोने कपाटातले पिस्तूल काढून स्वतःवर गोळी झाडली. आत्याने अहवालात लिहिले, की जखमेभोवती काजळी नाही, भाजल्याची खूण नाही. गोळी हाताच्या लांबीपेक्षा दुरून आली आहे. आत्महत्या की खून, हे त्या एका वाक्यावर ठरणार होते. नवरा जमिनीच्या व्यवहारांतला, हात वरपर्यंत पोहोचलेला. आधी मिठाईचे डबे आले. ते आले तसे परत गेले. मग फोन सुरू झाले. एकदा मीच उचलला. पलीकडचा माणूस अतिशय अदबीने म्हणाला, "डॉक्टर दीदी से कहना, गाड़ी ज़रा सँभाल के चलाया करें."

मी ते आत्याला जसेच्या तसे सांगितले. तिने एकच प्रश्न विचारला. "आवाज चढलेला होता का शांत?"

"शांत."

"मंग खरा आहे," ती म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी शस्त्रपरवान्यासाठी अर्ज करून आली.

परवाना हातात पडायला काही महिने लागले. तेवढा काळ वाया घालवणे तिच्या स्वभावात नव्हते. एका सकाळी आईच्या खलबत्त्यातला लोखंडी बत्ता नाहीसा झाला.

"पोट्टे, माझा बत्ता पाह्यला का?"

"आत्याच्या कमरेला आहे."

"काहून?"

आत्या खोलीतून बाहेर आली. साडीच्या निऱ्यांशेजारी एक विचित्र फुगवटा दिसत होता. "भरलेलं पिस्तूल जवळपास एवढंच भरते, सुमन. वजन करून आणलं मी."

"वजन? कुठं?"

"आमच्याकडं काटा आहे ना. काळजाचं वजन करतो तो."

आईने त्या बत्त्याने पुन्हा कधी वेलची कुटली नाही. आत्या मात्र तो घेऊन महिनाभर वावरली. रिक्षात चढली, जिने उतरली, वर्गात दोन-दोन तास उभी राहिली, जमिनीवर मांडी घालून जेवली. महिन्याअखेर तिने निष्कर्ष सांगितला. वजनाची सवय होते, पण खाली बसताना टोचणाऱ्या लांबीची होत नाही. तेव्हा नळी आखूड हवी. आणि पर्स बाद. "पर्स खेचणारा पिस्तूल बी घेऊन जाईन. म्हणजे चोराले शस्त्र मीच पुरवलं."

त्या वेळी मी भौतिकशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात होते आणि जगातली कोणतीही निवड तक्त्यात मांडता येते, अशी माझी पक्की धारणा होती. बत्तीस बोअरची तीन शस्त्रे विचारात होती. एक आखूड नळीचे रिव्हॉल्व्हर, एक तळहातात मावणारे चिमुकले पिस्तूल आणि एक मधल्या आकाराचे, जरासे जाड. मी निकष ठरवले, प्रत्येकाला गुण दिले आणि 'लपवण्याची सोय' सर्वांत वर ठेवली. चिमुकले पिस्तूल सहज पहिले आले. आत्याने कागद वाचला. "तू पिस्तूल निवडून राहिली का अंगठी?"

चांदमारीवर तिन्हींची परीक्षा झाली. चिमुकल्या पिस्तुलाने पाच गोळ्यांत तिचा तळहात लाल केला. मी संवेगाचे गणित मांडू लागले: गोळी तीच, शस्त्र हलके, म्हणून मागचा धक्का जास्त. "हव, हव," आत्या मनगट चोळत म्हणाली, "समजलं ते मले, इथं." त्याहून मोठी अडचण स्लाइडची निघाली. पिस्तूल भरायचे किंवा रिकामे करायचे, तर त्याचा वरचा भाग मागे ओढावा लागतो. लहान पिस्तुलात तो पुन्हा पुढे रेटणारी स्प्रिंग फार कडक असते. हाडे कापून कापून आत्याच्या अंगठ्याचा सांधा झिजला होता. तिने दोनदा जोर लावला. स्लाइड अर्ध्यावरून परत गेली. रिव्हॉल्व्हरचा चाप इतका जड होता, की ओढता ओढता नेमच ढळायचा. तिसरे पिस्तूल मात्र करंगळीसकट मुठीत बसले, ओढल्यावर उघडले, आणि सकाळभर सराव करूनही दुसऱ्या दिवशी तिच्या हातात सुरी स्थिर राहिली.

"ज्याचा सराव कराचा कंटाळा येते, ते कमरेले लावाचं नाही," तिने निर्णय दिला. "अन् जे आपल्या हातानं उघडून रिकामं करता येत नाही, ते तर घरात बी ठेवाचं नाही." माझ्या तक्त्यातली एकही ओळ तिने खोडली नाही. सर्वांत वर एक नवी ओळ लिहिली: 'स्वतःच्या हाताने रिकामे करता येणे.' तो निकष माझ्या डोक्यातसुद्धा आला नव्हता. मी शस्त्राचा विचार झाडण्याच्या बाजूने करत होते, ती न झाडण्याच्या.

ते बाळगायचे कसे, हा पुढचा प्रश्न. पुरुषांना पट्टा असतो. साडीला काय असते? गोलबाजारातल्या तिच्या नेहमीच्या शिंप्याकडून तिने परकराला जाड कॅनव्हासची कंबर आणि उजव्या अंगाला खोल खिसा शिवून घेतला. शिंपी छत्तीसगढीत म्हणाला, "ए जेब म का धरबे, दीदी?"

"चष्मा."

त्याने खिशाची दुहेरी शिवण बोटाने ताणून पाहिली. "अतेक गरू चश्मा?" इतका जड चष्मा?

"नंबर वाढला आहे," आत्या गंभीरपणे म्हणाली.

पिस्तूल घरी आले आणि त्याच्यासोबत एक वाक्य आले. ते कुणाच्याही हातात देण्याआधी आत्या गोळ्यांचे मॅगझिन काढायची, स्लाइड मागे ओढायची, आत डोकावायची, मग करंगळी घालून चाचपायची आणि म्हणायची, "रिकामं आहे, पाहून घे." आपण 'हो' म्हटलेले तिला चालत नसे, आपलीही करंगळी आत जायला हवी. "मी पाह्यलं म्हणजे मी पाह्यलं. तू कुठं पाह्यलं?" हळूहळू हे वाक्य घरभर पसरले. रॉकेलचा डबा, विझवलेली शेगडी, अगदी बाबांच्या हाती दिलेला चहाचा कपसुद्धा. बाबा निमूटपणे कपात डोकावत.

या वाक्याने एकदा आम्हाला वाचवले. हवालदारकाका उमेदीची काही वर्षे गोंदियाकडे होते. आमच्याशी ते हौसेने मराठी बोलत. त्या रविवारी मॅगझिन तेच भरून देत होते, दर खेपेला पाच गोळ्या. आत्याने पाच झाडल्या. मागून काका म्हणाले, "मॅडम, गोळी वाढली."

आता आमच्या घरात साखर कधी संपत नसे, वाढत असे. बांगडी फुटत नसे, वाढत असे. भरल्या घरात 'संपलं' म्हणायचे नाही, ही आईची शिस्त आणि तिच्या आईचीही. त्यामुळे आत्याच्या कानाने जे ऐकायचे तेच ऐकले: गोळ्या संपल्या. काकांना म्हणायचे होते, की चुकून एक गोळी वाढीव भरली गेली आहे. आत्या वळली. मी तिच्यापासून दोन हातांवर उभी होते. पिस्तूल रिकामे आहे याची तिला खात्री होती, तरी नळी तिने जमिनीकडेच ठेवली, बोट सरळच ठेवले, मॅगझिन काढले आणि स्लाइड ओढली. एक जिवंत काडतूस उसळून माझ्या चपलेजवळच्या धुळीत पडले.

काकांचा चेहरा पांढरा पडला होता. आत्याने काडतूस उचलून पदराला पुसले आणि शांतपणे म्हणाली, "इथं शुभ-अशुभ नाही. संपलं तं संपलं म्हणाचं. उरलं तं उरलं म्हणाचं. इथं काही वाढत नाही."

घरी येऊन तिने आईलाही हा नियम लावायचा प्रयत्न केला. "सुमन, साखर संपली म्हणत जा."

"ताई, भरल्या घरात असं बोलत नसते. तुमच्या त्या मैदानावर बोला काय बोलाचं ते." त्या एका बाबतीत आत्या आईकडून कायमची हरली.

त्या सुनेच्या खटल्यात आत्याची साक्ष होती, तिच्या आदल्या संध्याकाळी आम्ही दोघी गुढियारीहून घरी येत होतो. हवालदारकाकांच्या मुलीला बाळ झाले होते. आईने केलेले डिंकाचे लाडू देऊन आलो. गाडी मी चालवत होते. रेल्वेच्या पुलाखाली कोंडी झाली आणि आम्ही अडकलो. एका माणसाने आत्याच्या बाजूच्या काचेवर टकटक केली. त्याचा एक हात शर्टाच्या आत होता.

माझी नजर आत्याच्या उजव्या हाताकडे गेली. तो साडीखालच्या खिशात शिरला होता. ती त्या माणसाकडे पाहतच नव्हती. त्याच्या खांद्यावरून पलीकडे पाहत होती. मग तो हात बाहेर आला, रिकामा. तिने तो मांडीवर ठेवला आणि दुसऱ्या हाताने काच खाली केली.

"डॉक्टर दीदी, कल कचहरी जाओगी?"

"हव."

"इस उमर में याददाश्त कमज़ोर हो जाती है. कोई बुरा नहीं मानेगा."

"बेटा, मैंने लिख दिया है," आत्या म्हणाली. वर्गातल्या मंद विद्यार्थ्याला समजवावे तसा तिचा सूर होता. "लिखा हुआ मेरे मरने से मिटता नहीं. तू घर जा."

मागून हॉर्न वाजू लागले. तो क्षणभर तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहिला आणि मग गर्दीत मिसळला. त्याच्या शर्टात काही होते की नुसता हात होता, हे आम्हाला कधीच कळले नाही. पुढच्या चौकात मी गाडी कडेला घेतली.

"हात का काढलास?" मी जवळजवळ ओरडलेच. "वर्षभर कशासाठी सराव केलास मग?"

"त्याच्या मागं काय होतं?"

"सिंगाड्याची हातगाडी."

"अन् गाडीच्या मागं?"

मी आठवून पाहिले. शिकवणीहून येणाऱ्या मुली, सायकली धरून थांबलेल्या.

"मंग? माझी गोळी त्याच्यात थांबली असती, हे तू लिहून देशीन का?" ती म्हणाली. "अन् थांबली असती तरी. उद्या सकाळी तो कोणाच्या टेबलावर आला असता? माझ्याच ना. त्याले बी मीच उघडला असता."

"मग ते बाळगायचेच कशाला?"

आत्याने काच पुन्हा वर केली. "ते नसतं, तं काच खाली करायची हिंमत झाली नसती. एवढाच उपयोग. चाल आता, सुमन वाट पाहत असन."

दुसऱ्या दिवशी तिने पिस्तूल कपाटात कुलूपबंद केले. न्यायालयात शस्त्र नेता येत नाही. म्हणजे ज्या दिवशी धोका सर्वांत मोठा होता, त्या दिवशी ती ते न घेताच निघाली. परकर मात्र तोच. प्रवेशद्वारापाशी कालचा माणूस उभा होता. आत्या त्याच्या शेजारून, गावातल्या ओळखीच्या माणसाला करावी तशी मान हलवून, आत गेली. साक्षीच्या पिंजऱ्यात तिने कॅनव्हासच्या खिशात हात घातला आणि चष्मा काढला. शिंप्याला सांगितलेले तिने त्या दिवशी खरे केले.

बचाव पक्षाच्या वकिलांनी हसून विचारले, "मैडम, पिस्तौल आपने कभी चलाई भी है, या सिर्फ़ किताब में देखी है?"

"चलाती हूँ. हर इतवार."

हसू मावळले. आत्याने परवानगी घेऊन उजवा हात समोर ताणला, मनगट मुडपून मूठ स्वतःच्या छातीकडे वळवली आणि तशीच धरून ठेवली. तर्जनी अर्थातच सरळ. ज्या अंतराबद्दल ती वर्षभर बोलत होती, ते आता सर्वांना दिसत होते, आणि जखमेवर काजळी न उमटायला ते पुरत नव्हते. "इससे दूर मेरा हाथ नहीं जाता," ती म्हणाली. "उस लड़की का हाथ मुझसे छोटा था. मैंने नापा है."

मी आजवर अनेक शास्त्रज्ञांची व्याख्याने ऐकली आहेत. मापनाला इतके वजन असू शकते, हे मला त्या दुपारी कळले. नवऱ्याला शिक्षा झाली. फोन थांबले. आत्या रविवारी चांदमारीवर जातच राहिली.

मी भौतिकशास्त्र सोडले नाही, फक्त त्याची जागा बदलली. आज मी दुसऱ्या शहरातल्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत शस्त्रे आणि गोळ्या तपासते. माझ्या टेबलावर येणारे प्रत्येक हत्यार मी उघडते, डोकावते, करंगळी घालते आणि सहायकाकडे सरकवते. तो पहिल्यांदा हसला होता. आता तोही करंगळी घालतो.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी आत्याच्या मूत्रपिंडांनी साथ सोडली. शेवटच्या भेटीत तिने मला कपाट उघडायला लावले. पिस्तूल मांडीवर घेतले, मॅगझिन काढले, स्लाइडला हात घातला. स्लाइड अर्ध्यावरून परत गेली. तिने पुन्हा जोर लावला नाही.

"नियम माझाच आहे," ती म्हणाली. "आता हे माझं नाही राह्यलं. उरलेल्या गोळ्या चांदमारीवर झाडून ये."

मी गेले, झाडून आले. परत येऊन तिच्यासमोर स्लाइड मागे ओढली, आत डोकावले, करंगळी घातली आणि आयुष्यात प्रथमच ते वाक्य मी तिला म्हटले. "रिकामं आहे, पाहून घे."

सुजलेली करंगळी आत जाईना. मग तिने इतकी वर्षे सरळ राहिलेली तर्जनी वाकवली आणि तिच्या टोकाने चाचपून पाहिले. "हव," ती म्हणाली. "शाबास."

त्यानंतरच्या आठवड्यात प्रयोगशाळेत असताना आईचा फोन आला. जिने घरातली साखरसुद्धा कधी संपू दिली नव्हती, ती माझी आई म्हणाली, "संपलं, बाई. तुझी आत्या संपली."

मी पाहून घ्यायला गेले.

परवानाधारक गेल्यावर शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करावे लागते. तेराव्यानंतर मी ते घेऊन गेले. टेबलामागच्या मुन्शींनी पिस्तुलाकडे न पाहताच विचारले, "कितने राउंड बचे हैं?"

"खतम," मी म्हटले. मग स्लाइड ओढून पिस्तूल त्यांच्यापुढे धरले. "खाली है. आप भी देख लीजिए."

ते चमकले. माझ्या चेहऱ्यावर त्यांना काय दिसले ठाऊक नाही, पण ते खुर्चीतून उठले, वाकून आत डोकावले आणि करंगळी घालून चाचपले. नंतर उरलेल्या गोळ्यांचा रकाना भरण्यासाठी त्यांनी पेन माझ्याकडे दिले. मी बोट पेनाच्या कडेने सरळ ठेवून लिहिले: ०.